दोन क्रांत्या, एक निवाडा

हॅना आरेंट यांच्या ‘ऑन रिव्होल्यूशन’ (१९६३) या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा : अमेरिकन क्रांतीचे ध्येय स्वातंत्र्याची स्थापना हे होते, म्हणून तिच्यातून १७८७ ची टिकाऊ राज्यघटना निपजली, फ्रेंच क्रांती दारिद्र्याच्या प्रश्नात गुंतली आणि १७९३-९४ च्या दहशतीत बुडाली. विवेचन मर्मग्राही आहे. निवाडा मात्र आम्हांस पटत नाही. गुलामगिरीची नोंद लेखिका घेतात, पण निकाल देताना ती बाजूस ठेवतात. फ्रान्सने १७९४ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली; नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली. अमेरिकेत मात्र राज्यघटनेच्याच छायेत ती १८६५ पर्यंत नांदली. घटना टिकली खरी. पण ती कोणाचे स्वातंत्र्य राखीत होती, हे विचारल्याशिवाय क्रांतीचे यश मोजता येणार नाही.