भानपुऱ्याची भट्टी

जॉन माल्कमच्या 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' (1823) या ग्रंथात यशवंतराव होळकरांच्या अखेरच्या वर्षांचा मजकूर थोडाच आहे. पण त्यातला भानपुऱ्याच्या तोफांचा भाग मला साऱ्या ग्रंथात सर्वांत जिवंत वाटतो. इंग्रजांशी झालेल्या 1805 च्या तहानंतर माळव्यात परतलेला राजा भानपुऱ्याला नवा तोफखाना उभारायला घेतो, स्वतः भट्टीपाशी राबतो आणि तीन-चार महिन्यांत दोनशेच्या घरात पितळी तोफा ओतून होतात.

माल्कम हे सांगतो ते वेडाची पहिली खूण म्हणून. त्याची मांडणी पाहावी. आधी भट्टी, मग ढळत चाललेली स्मृती, मग मुंबईच्या दुकानांतली चेरी ब्रँडी संपवणारे पिणे, पुढे दोरखंडांनी बांधलेला आणि दुधावर जगवलेला रोगी, आणि 1811 च्या ऑक्टोबरात मृत्यू. भट्टी या उताराच्या तोंडाशी ठेवल्यामुळे तिची आगही आजारातलीच वाटू लागते. ही लेखकाची करामत आहे, आणि ती इतकी सफाईने साधली आहे की पहिल्या वाचनात कळतही नाही.

पण ओतकाम जाणणारा माणूस या मजकुरात वेगळेच वाचतो. बंदुकीची गोळी घरच्या चुलीवरही ओतता येते. शिसे 327 अंशांना वितळते, साच्यात ओतले की क्षणात थिजते. तोफेच्या धातूला नऊशे अंशांपुढची आच लागते. मातीच्या साच्यात जरा ओल राहिली तर वाफेने रस उसळतो. धातूत पोकळी राहिली तर तोफ बार काढताना फुटते. दोनशे तोफांचे काम पेलायला इंधन, धातू, ओतारी आणि साचे सुकवण्याचा धीर, सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. आणि गरज तर उघडच होती. 13 नोव्हेंबर 1804 ला डीगच्या लढाईत होळकरांचा मोठा तोफखाना इंग्रजांच्या हाती पडला होता. तो भरून काढायला निघालेल्या राजाचा हिशेब मला तरी चोख दिसतो.

शिवाय फुटणारे हत्यार काय करते हे यशवंतरावांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. तोडेदार बंदूक फुटून त्यांचा एक डोळा गेला होता. हेही माल्कमच सांगतो, पण कितीतरी पाने आधी. दोन्ही प्रसंग तो कुठे जोडत नाही. ते जोडून वाचले की वितळलेल्या पितळेसमोर उरलेला डोळा घेऊन उभा राहणारा हा माणूस केवढा जिद्दीचा होता ते उमगते.

माल्कमला होळकरी तोफांचे मोल ठाऊक नव्हते असे नाही. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरच्या लढाईत क्षिप्रा ओलांडून होळकरांच्या तोफांच्या रांगेवर चढलेल्या इंग्रजी फौजेचे नेतृत्व त्यानेच केले. त्या दिवशी इंग्रजांकडचे आठशेच्या आसपास मेले वा जखमी झाले. होळकरांचे गोलंदाज तोफांपाशी अखेरपर्यंत टिकून राहिले.

पुढे इंदूरजवळच्या महूला मुक्काम करून त्याने इथल्याच माणसांकडून, इथल्याच दफ्तरांतून माळव्याची माहिती गोळा केली. म्हणून मला या मजकुरात दोन आवाज ऐकू येतात. वेडाचा निवाडा माल्कमचा. पण राजा स्वतः भट्टीपाशी राबत होता, हा तपशील सांगणाऱ्याच्या तोंडून कौतुकानेच आला असावा.