जगद्दल की टारझन?

पैसे एकाच गाडीपुरते आहेत असं धरू. समोर दोन जुन्या गाड्या उभ्या आहेत आणि दोन्ही सिनेमातल्या आहेत. पहिली म्हणजे ऋत्विक घटक यांच्या 'अजांत्रिक' (१९५८) मधली जगद्दल, १९२० सालची शेवरोले टॅक्सी. दुसरी अब्बास-मस्तान यांच्या 'टारझन : द वंडर कार' (२००४) मधली जांभळट निळी गाडी. दिलीप छाब्रिया यांनी ती टोयोटाच्या एमआर-टू या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारवर उभी केली होती. खरी स्पोर्ट्स कार दुसरीच. जगद्दलने एखादा चढ चढला तरी शर्यत जिंकल्यासारखं वाटतं. यातली एकच रिस्टोअर करायची, तर कोणती?

सिनेमावर प्रेम असलेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं आहे. 'अजांत्रिक' थोर चित्रपट, 'टारझन' टीव्हीवर रविवारी दुपारी लागणारा. मीही बरेच दिवस हेच उत्तर देत होतो आणि अजूनही दोन्ही चित्रपट एका पातळीवर ठेवायची माझी तयारी नाही. पण प्रश्न चित्रपटांचा नाही, गाड्यांचा आहे.

आधी जगद्दल. सुबोध घोष यांच्या कथेवरच्या या चित्रपटात बिमल (काली बॅनर्जी) नावाचा एकटा टॅक्सीवाला आहे. त्याला बायको नाही, नातेवाईक नाहीत. जे काही आहे ते या गाडीत. तो तिला पाणी पाजतो तेव्हा ती घोट घेतल्यासारखा आवाज करते. घटकांनी आवाजाच्या जोरावर पत्र्याला जिवंत केलंय आणि तरीही ती कुठल्याही क्षणी गोड वाटत नाही. बंगालीत जगद्दल म्हणजे जागचा न हलणारा अवजड धोंडा. गाडीचं हे नाव ज्याने ठेवलं त्याला पुढचं सगळं माहीत असावं.

हा चित्रपट झरी जामणीच्या माणसाला परका वाटत नाही. घटकांनी तो छोटा नागपूरच्या भागात चित्रित केला. उरांव आदिवासींचे नाच, खाणी, उघडेबोडके रस्ते आणि त्यावरून धूळ उडवत जाणारी एकच गाडी. आमच्याकडे कोलामांचे पोड आहेत, मुकुटबनकडे चुनखडी आहे, वणीला कोळसा आहे, आणि या सगळ्यांना जोडणारी काळीपिवळी आहे. दाराला तारेचा फास, काचेऐवजी पुठ्ठा, आणि दहाच्या जागी सतरा सवाऱ्या. ड्रायव्हरला विचारा, गिअर का अडतो? तो म्हणेल, 'थंडीत अडते, पांढरकवड्यापर्यंत गेली का मोकळी होते.' हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. आमच्या धंद्यात जुन्या कोडमध्ये अशा ओळी सापडतात. त्या कशासाठी आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं, पण काढल्या की कुठल्यातरी शाखेत पगार होत नाहीत.

आता दुसरी गाडी. 'टारझन'ची गोष्ट अशी : एका सज्जन माणसाचं (अजय देवगण) गाडीचं डिझाइन कंपनीवाले चोरतात आणि त्याला मारून टाकतात. बारा वर्षांनी त्याचा मुलगा राज (वत्सल सेठ) वडिलांची जुनी गाडी भंगारातून आणतो आणि तिची झगझगीत स्पोर्ट्स कार करतो. गाडीत वडिलांचा आत्मा येतो, मग ती स्वतःच सुरू होते आणि खलनायकांना एकेक करून गाठते. जॉन कार्पेंटरच्या 'क्रिस्टीन'चं (१९८३) ऋण उघड आहे. तिथेही जुनी प्लिमथ फ्युरी आणणारा पोरगा आणि खून करणारी गाडी आहे. फरक असा की क्रिस्टीन चेपली तरी पुन्हा आपल्याच रूपात येते. तिला प्लिमथच राहायचं असतं. टारझनमध्ये मात्र जुन्या गाडीचं डोळ्यांना दिसेल असं काहीच उरत नाही, आणि चित्रपटाला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

याला आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणतात. विदर्भात हेमाडपंती देवळांचं काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, वर लाल अक्षरांत देणगीदारांची नावं. देव तोच आहे ना, मग भिंत बदलली तर बिघडलं कुठे? 'टारझन'चा युक्तिवाद नेमका हाच आहे. आत्मा तोच, मग बॉडी कुठलीही चालेल.

'अजांत्रिक' याच्या उलट बाजूला उभा आहे. तिथे पत्र्यापलीकडे आत्मा नाही. जे आहे ते त्या खडखडाटात, त्या हॉर्नमध्ये, बिमलच्या हाताला असलेल्या सवयीत.

हा वाद पडद्यापुरता नाही. आमच्या तालुक्यातल्या, आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मित्राने वडिलांची राजदूत गुपचूप नेऊन रिस्टोअर करून आणली. नवा क्रोम, नवी सीट, टाकीवर आरशासारखा रंग. वडिलांनी अंगणात येऊन पाहिलं आणि विचारलं, "कोनाची गाडी आनली बे?"

"आपलीच होय, बाबा."

"आपली? मंग टाकीवरचा पोचा कुठं गेला?"

तो पोचा लग्नाच्या वर्षी पडलेला होता. गाडी आता कव्हरखाली असते. मित्राचा हेतू वाईट नव्हता. पण काय बदलायचं नाही, हे त्याने आधी विचारायला हवं होतं.

सरकारलाही हा प्रश्न पडला होता. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट एकच : प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती सोडून गाडी रस्त्यावर आणायची नाही. रोजच्या वापराला बंदी, धंद्याला तर नाहीच.

म्हणजे बिमल आज कागदपत्रं घेऊन गेला, तर जगद्दलला मानाचा नंबर मिळेल. फक्त त्याने सवारी घ्यायची नाही. टॅक्सीने टॅक्सी नसायचं कबूल केलं तरच ती वारसा होते. मुंबईत प्रीमियर पद्मिनीचं हेच झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर सगळ्यांना तिचं प्रेम आलं.

आणि म्हणूनच मी जगद्दल निवडणार नाही.

कारण तिचं रिस्टोरेशन चित्रपटातच होऊन गेलंय. (शेवट सांगतोय. १९५८ च्या चित्रपटाला स्पॉयलर लागू नसावा.) गाडी थकते तेव्हा बिमल जवळचे पैसे घालून नवे पार्ट आणतो आणि रात्रंदिवस खपतो. मग खरंच बरी झाली का हे बघायला तिच्यात धोंडे भरतो. आम्ही याला लोड टेस्ट म्हणतो. जगद्दल त्यात नापास होते. भंगारवाला येतो, गाडीचे तुकडे वाहून नेतो. शेवटी एक लहान मूल तिचा सुटा हॉर्न वाजवतं आणि बिमल रडता रडता हसतो. घटकांनी इतक्या स्वच्छपणे दिलेला निकाल मी पैसे घालून फिरवणं उद्धटपणाचं होईल. शिवाय बिमल नसेल तर ती निव्वळ १९२० ची शेवरोले आहे, आणि तसल्या गाड्या जगभर संग्रहालयांत चकचकीत उभ्या आहेत. त्या कुठल्या चढावर अडतात हे कुणाला माहीत नाही, कारण त्या चढावर जातच नाहीत.

उरली टारझन. धूळ खात पडलेल्या त्या गाडीचे फोटो इंटरनेटवर फिरत असतात आणि खाली लोक 'बचपन' लिहून रडके इमोजी टाकतात. ते फोटो पाहताना चित्रपटाचा युक्तिवाद आपोआप मोडतो. आत्मा वगैरे निघून गेला, आणि मागे राहिलं ते फक्त ज्याची चित्रपटाला कधी किंमतच नव्हती ते शरीर. पण ते शरीर कारागिरांनी केलेलं आहे. कुणीतरी पत्रा वाकवलाय, लांबी घासली आहे, रंगाचे हात मारलेत. चित्रपटात त्या कामाला जे महत्त्व मिळालं नाही, ते ही गाडी नीट दुरुस्त करून देता येईल. चांगला चित्रपट आपल्या गाडीची काळजी स्वतः घेतो. वाईट चित्रपटाच्या गाडीला दुसऱ्या कुणाची तरी गरज असते.

इथे टोयोटाचे भक्त भांडतील. ते म्हणतील, वरचं कवच उतरवा आणि आतली एमआर-टू वाचवा, तीच खरी क्लासिक. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढे, त्यामुळे पाण्याचे पाइप गाडीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. जपून ठेवावी अशीच रचना आहे. पण एमआर-टू टोयोटाने हजारोंनी बनवल्या. हे कवच हिंदी सिनेमासाठी झालं, आणि नियमाच्या भाषेत त्याच बदलामुळे ही गाडी 'मूळ रूपात' कधीच बसणार नाही. पन्नास वर्षांनीही तिला 'व्हीए' मिळणार नाही. या गाडीचं मूळ रूप म्हणजेच बदललेलं रूप, आणि ते मांडायला नियमात रकाना नाही.

तेव्हा माझी यादी अशी : पाण्याचे आणि पेट्रोलचे पाइप, ब्रेक, टायर, वायरिंग हे सगळं नवं, कारण ते चालण्यासाठी असतं. कवच तेच. दोन पॅनलमधली फट कुठे कमीजास्त असेल तर ती तशीच. रंग जिथे टिकलाय तिथे फक्त पॉलिश, उडालाय तिथे जुळवून नवा, आणि जोड दिसला तर दिसू द्यायचा. एलईडी पट्ट्या नकोत, टचस्क्रीन नको, मागे स्पीकर नकोत. स्टार्टर मोटर उघडून साफ करायची आणि बॅटरी नवी बसवायची, कारण ही गाडी आता आपोआप सुरू होणार नाही. कुणीतरी आत बसून चावी फिरवावी लागेल.