बोट चालवत होतं कोण?

काही वर्षांपूर्वी हिंगोलीतल्या एका वाचक मंडळात मी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर बोललो होतो. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, हिटलरच्या छळातून सुटू पाहणारे ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा यांचे अल्पजीवी प्रेम, आणि शेवटी समुद्राने घेतलेला हॅर्टाचा बळी. १९३९ साली एवढे धाडस मराठी कादंबरीने दाखवले, असे मी जोरात सांगितले. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठले. पूर्णा-अकोला मीटरगेजवर वाफेच्या इंजिनात फायरमन म्हणून त्यांची उमेद गेलेली. ते म्हणाले, “सर, सगळं पटलं. पण ती बोट चालवत होतं कोण? खाली इंजिनापाशी कुणीतरी असंलच की.”

लोक हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसू टिकले नाही. ‘रणांगण’ मी निदान सहा वेळा वाचली होती. त्या बोटीकडे युरोपची प्रतिमा, मानवतेचे रणांगण, भोवतालच्या काळाचा आरसा असे सगळे म्हणून पाहिले होते. बोट म्हणून कधीच पाहिले नव्हते.

मी प्राध्यापक नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिण्यात तीस वर्षे गेली. जे वाचले ते ग्रंथालयांच्या आधाराने. त्यामुळे या लेखाला कुठल्या सिद्धान्ताचे पाठबळ नाही. त्या फायरमनचा प्रश्न हाती धरून युद्धकाळातल्या बोटींच्या काही कथा पुन्हा वाचल्या, त्याचा हा जमाखर्च आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट मुंबईहून मोंबासा आणि दरबानच्या दिशेने निघाली. ७३२ प्रवासी, २२२ खलाशी-कर्मचारी आणि ४ तोफची असे ९५८ जण तिच्यावर होते. ताफा नव्हता, सोबतीला युद्धनौका नव्हती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा पाणतीर तिला लागला. घबराटीत लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून काही जण परत वर गेले. मग दुसरा पाणतीर आला. २८० माणसे गेली. ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने वाचलेल्यांपैकी बहुतेकांना उचलले आणि २७ तारखेला मुंबईला परत आणले. सात दिवसांत माणसे निघाल्या धक्क्याच्या गावी परत आली, २८० कमी होऊन.

अलीकडे या घटनेवर बरेच लिहिले जाते. २०२२ मध्ये ऐंशी वर्षे झाली तेव्हा मुंबईत स्मरणसोहळाही झाला. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्या कुटुंबांनी ही आठवण जिवंत ठेवली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण जवळजवळ प्रत्येक लेखाच्या मथळ्यावर एक शिक्का दिसतो: ‘भारताचे टायटॅनिक’. माझा पहिला आक्षेप या शिक्क्यावर आहे. टायटॅनिक हिमनगावर आदळली, तिलावा ठरवून बुडवली गेली. एक अपघात, दुसरी युद्धकृती. तुलनेने कारणच पुसले जाते. शिवाय टायटॅनिकवर दीड हजार माणसे गेली. त्या मापाने २८० हा आकडा लहान दिसू लागतो. दुसऱ्याच्या घरच्या मापाने आपले धान्य मोजले की ते कमीच भरते, हे अडतीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप ‘आय-२९’बद्दल आहे. हे नाव वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कारण ते मला आधीपासून माहीत होते. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून रबरी होडीने ज्या जपानी पाणबुडीत गेले, ती हीच. त्यांच्यासोबत आबिद हसन होते, आमच्याच हैदराबाद संस्थानातले. लहानपणापासून हा प्रसंग मी ऊर भरून वाचत आलो. पाच महिन्यांपूर्वी त्याच पाणबुडीने मुंबईहून निघालेली माणसे बुडवली होती, हे त्या पुस्तकांत मला कुठे भेटले नाही. तिलावावरच्या लेखांतही नेताजी क्वचितच येतात. नेताजींचे धैर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण दोन्ही गोष्टी एका पानावर ठेवण्याची हिंमत ज्या लेखनात नाही, ते गौरवगीत असू शकते. इतिहास नव्हे, आणि चांगले साहित्यही नव्हे.

ताफ्यात गेले म्हणजे सुरक्षित, असेही नव्हते. १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मोंबासाहून कोलंबोला निघालेल्या पाच बोटींच्या ताफ्यातली ‘खेदिव्ह इस्माइल’ मालदीवजवळ ‘आय-२७’ने बुडवली. सोबत एक क्रूझर आणि दोन विनाशिका असतानाही दोन-तीन मिनिटांत बोट गेली आणि सुमारे तेराशे माणसे गेली. पाणबुडी बुडत्यांच्या खालीच दडलेली. तिला मारण्यासाठी विनाशिकांनी पाण्याखाली फुटणारे बाँब टाकले, पोहणाऱ्या आपल्याच माणसांच्या मध्ये.

असाच प्रसंग निकोलस मॉन्सरॅटच्या ‘द क्रुएल सी’ (१९५१) या कादंबरीत आहे. मॉन्सरॅट स्वतः अटलांटिकवर ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या छोट्या युद्धनौकांवर होता, त्यामुळे थंडी, तेल, झोपमोड यांचे त्याचे वर्णन अंगावर येते. त्याचा कप्तान एरिकसन पोहणाऱ्यांच्या अंगावरून बोट नेऊन बाँब टाकतो आणि पुढे त्या निर्णयाने पोखरला जातो. कादंबरीचे सामर्थ्य या पोखरले जाण्यात आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. दुःख आपल्याला दिसते ते कप्तानाच्या जागेवरून, म्हणजे वरून. पाण्यात असलेल्या माणसाला वर पाहताना काय दिसले, ते कादंबरी विचारत नाही. सागरी युद्धाच्या कथांतली नजर बहुतेक वेळा अशीच वरच्या मजल्यावर उभी असते.

खालच्या मजल्यावर कोण होते? ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या माणसांपैकी सुमारे चौथा हिस्सा हिंदी खलाशांचा होता. त्यांना ‘लस्कर’ म्हणत. मुंबईत भरती होई तेव्हा डेकवर रत्नागिरी-कच्छकडचे, इंजिनखोलीत पंजाब आणि सरहद्दीकडचे, स्वयंपाक आणि सलूनमध्ये गोव्याचे अशी साधारण वाटणी असे. सारंग, टंडेल, आगवाला, भंडारी हे त्यांचे हुद्दे. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा चौथा-पाचवा हिस्सा त्यांच्या हाती पडे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी अनेक बंदरांत पगारवाढीसाठी काम बंद केले आणि शेकडो जण तुरुंगात गेले. पाणबुडीचा नेम साधला की पाणी आधी शिरते ते इंजिनखोलीत. म्हणजे सगळ्यांत कमी पगाराचा माणूस सगळ्यांत धोक्याच्या जागी उभा होता. हा वर्ग, हा संप, हे मरण यात कादंबरीला लागणारे सगळे आहे. आमच्याकडे कोकणावर थोर कादंबऱ्या झाल्या, पण त्यांतला समुद्र बहुधा किनाऱ्यावरून दिसणारा आहे.

ही माणसे एका पुस्तकात मात्र आहेत. मुंबईच्या मशीद बंदर भागातल्या ‘इंडियन सेलर्स होम’मध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्यांची नामावली आहे: नौदलाचे सुमारे चारशे आणि व्यापारी बोटींवरचे सुमारे सहा हजार. तशीच दुसरी प्रत चितगावला आहे. साहित्यकृती म्हणून पाहिले तर नामावली हा सगळ्यांत प्रामाणिक आणि सगळ्यांत मुका प्रकार. कुणाला मोठे करत नाही, कुणाला वगळत नाही. पण माणसाला नाव देऊन थांबते, आवाज देत नाही. तो देण्याचे काम कथेचे.

तिलावावर माणसांखेरीज आणखी काही होते, ते या हिशेबातून गाळता येत नाही. दक्षिण आफ्रिकेला नाण्यांसाठी निघालेल्या चांदीच्या २,३६४ लगडी. २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोलीवरून ती चांदी वर काढली. मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. लगडींची संख्या शेवटच्या लगडीपर्यंत माहीत आहे. माणसांची संख्याही माहीत आहे, २८०. फरक एवढाच की लगडींसाठी कुणीतरी अडीच किलोमीटर खाली उतरले.

‘हिंगोलीच्या माणसाला याचे काय?’ असे एका मित्राने विचारले. खरे आहे, आमच्या कयाधूला होडीही क्वचितच दिसते. पण त्या काळी हिंगोली निझामाच्या राज्यात होती, आणि निझामाच्या आर्थिक मदतीची आठवण म्हणून एका विनाशिकेचे नाव ‘निझाम’ ठेवले होते. ती ऑस्ट्रेलियाच्या नौदलातून भूमध्य समुद्रात आणि हिंदी महासागरात लढली. संस्थानाची तिजोरी शेतसाऱ्यावर भरत असे. आमच्या आजोबांच्या कापूस-ज्वारीचा काही अंश त्या पोलादात असणार. समुद्र आपल्यापासून आपल्याला वाटतो तितका लांब नव्हता.

आता ‘रणांगण’कडे परत येतो. बेडेकरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. कादंबरीकाराने कुणावर दिवा धरावा हा त्याचा अधिकार आहे, आणि ज्यांच्यावर त्यांनी तो धरला त्यांच्याकडे तेव्हा जग पाठ फिरवून उभे होते. चूक माझ्यासारख्या वाचकाची आहे. बोटीला प्रतीक केले की तिला इंजिन लागत नाही, कोळसा लागत नाही, माणसे लागत नाहीत. प्रतीके आपोआप चालतात. समीक्षेला ही सवय सोयीची आहे, म्हणूनच ती तपासली पाहिजे.

गेल्या वर्षी त्याच मंडळात मी पुन्हा ‘रणांगण’वर बोललो. या वेळी सुरुवात खलाशांपासून केली आणि तिलावाची हकीकत सांगितली. ते फायरमन पहिल्या रांगेत होते. नंतर चहा घेताना त्यांनी एवढेच विचारले, “मग त्या आगवाल्यांचं कुणी लिहिलं का नाही?”

कोकणातल्या कुठल्या तरी घरात, पत्र्याच्या पेटीत, कुणाच्या पणजोबांचे खलाशी नोंदपुस्तक किंवा बंदरातून आलेले पत्र अजून असेल. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी एकदा वाचावे. त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर बहुधा तिथेच आहे.