बेंबांचे अन्न आणि ‘निकृष्ट आहारा’ची कल्पना

आफ्रिकी लोकांचा पारंपरिक आहार म्हणजे नुसते शिजवलेले पीठ, आणि म्हणून तो निकृष्ट, ही समजूत आहारविषयक लेखनात दीर्घकाळ टिकून आहे. ती पारखून पाहण्यास ऑड्रे रिचर्ड्‌स यांचा ‘लँड, लेबर अँड डाएट इन नॉर्दर्न ऱ्होडेशिया’ (१९३९) हा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. सध्याच्या झांबियाच्या ईशान्य भागातील बेंबा लोकांमध्ये १९३० ते १९३४ या काळात दोनदा राहून लेखिकेने त्याची सामग्री मिळविली.

बेंबांचे मुख्य अन्न ‘उब्वाली’. नाचणीचे पीठ उकळत्या पाण्यात घाटून ते घट्ट करतात. परंतु ‘उमुनानी’ म्हणजे कालवण नसेल, तर त्याला जेवण म्हणत नाहीत. या कालवणात रानभाज्या, शेंगदाण्याचे कूट, घेवडा, अळंबी, मासे, फार काय सुरवंटही येतात. बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पिठाचा ढीग भरतो. रानातून वेचून आणलेल्या मूठभर पाल्याची ना बाजारात किंमत, ना कोठारात मोजदाद. मूल्यमापनातली चूक नेमकी येथे होते. शिवाय ते पीठही निःसत्त्व नव्हे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या मक्याच्या पिठात त्याचा अल्पांशच. नाचणीची भाकरी खाणाऱ्या कोकणाला हे नवे नाही, आणि हे धान्य मुळात पूर्व आफ्रिकेतूनच प्राचीन काळी भारतात आले.

याच्या उलट, जे जे पारंपरिक ते ते आरोग्यदायी, असा पक्ष अलीकडे मांडला जातो. रिचर्ड्‌स यांचा ग्रंथ त्यालाही आधार देत नाही. कापणीपूर्वीच्या पावसाळी महिन्यांत बेंबांची कोठारे रिकामी होत आणि एकवेळच्या जेवणावर दिवस काढावे लागत, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले आहे.

ग्रंथाचे दुबळे अंग निराळेच आहे. पुरुष तांब्याच्या खाणींवर गेल्याने झाडांच्या फांद्या तोडून जाळण्याची ‘चितेमेने’ शेती ढासळली व उपासमार वाढली, हे त्यातील चित्र हेन्रिएटा मूर व मेगन व्हॉन यांनी ‘कटिंग डाउन ट्रीज’ (१९९४) मध्ये एकांगी ठरविले. स्त्रियांच्या श्रमाची आणि कसाव्यासारख्या पिकांची बाजू रिचर्ड्‌स यांना पुरेशी दिसली नव्हती, हा आक्षेप रास्त वाटतो. कसाव्याची मुळे जमिनीतच राखून ठेवता येतात, त्यामुळे टंचाईचे महिने सुसह्य झाले. मात्र त्यात प्रथिने नाचणीहून फारच कमी. साहजिकच उमुनानीवरचा भार वाढला, आणि ते वेचण्याचे, रांधण्याचे काम होते बहुतांशी स्त्रियांकडेच.