न भेटलेल्यांचा जिव्हाळा

साहसकथांच्या मालिकांविषयी आपल्याकडील विदग्ध वाचकांच्या मनात एक प्रकारची अढी असते. अशी पुस्तके गाडीत वाचावीत आणि स्थानक आले की मिटून ठेवावीत. त्यांतील पात्रांसाठी जीव टाकणे पोरवयाला शोभते, प्रौढाला नव्हे, असा हा समज आहे. कथा अंतराळातील असेल तर मग बोलायलाच नको. यंत्रे, ग्रह आणि स्फोट यांच्या गर्दीत माणसाला जागा ती कोठून असणार? या समजाची परीक्षा घ्यावी म्हणून आम्ही येथे एका इंग्रजी कादंबरीमालेचा विचार करीत आहोत.

'दि एक्सपान्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालेत नऊ कादंबऱ्या आहेत. पहिली २०११ साली निघाली, शेवटची २०२१ साली. जेम्स एस. ए. कोरी हे लेखकनाम टोपणनाव असून त्यामागे डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक असे दोन अमेरिकन लेखक आहेत. माणूस सूर्यमालेत पसरला आहे. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा येथील लोकांत हाडवैर माजले आहे. बर्फ वाहून नेणारे एक जहाज नष्ट होते. त्यावरील मोजकी माणसे वाचतात आणि पुढे मंगळाची एक युद्धनौका त्यांच्या हाती लागते. जहाजाचा अधिकारी होल्डन तिचे नाव ठेवतो रोसिनांटे. म्हणजे डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे! होल्डन, नेओमी, एमॉस आणि ॲलेक्स या चौघांचे ते घर होते. २०१८ साली या कथेवरील दूरचित्रवाणी मालिका पहिल्या वाहिनीने सोडून दिली, तेव्हा चाहत्यांनी ती वाचविण्यासाठी मागणीचा फलक बांधलेले विमान आकाशात फिरविले आणि दुसऱ्या कंपनीने ती पुढे चालविली. केवळ कथानकाच्या ओढीने कोणी विमान भाड्याने घेत नाही.

हा जिव्हाळा निर्माण कसा होतो? आमच्या मते, तो पराक्रमातून होत नाही; नित्याच्या कामातून होतो. चौघांतील प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. नेओमी यंत्रज्ञ, ॲलेक्स चालक, एमॉस दुरुस्ती करणारा. आणि होल्डनला कॉफीवाचून चैन नाही. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर ज्याच्या नजरेतून ते सांगितले आहे त्याचे नाव असते. पहिल्या चार ग्रंथांत या चौघांपैकी हा मान एकट्या होल्डनला आहे. बाकीचे तिघे आपल्याला बाहेरूनच दिसतात. पाचव्या ग्रंथात, 'नेमेसिस गेम्स'मध्ये, जहाज दुरुस्तीला लागते, चौघे चार वाटांना जातात आणि प्रथमच प्रत्येकाचे अंतरंग उघडते. शेजारच्या मेजावर वर्षानुवर्षे बसलेल्या गृहस्थाच्या घरी एखाद्या दिवशी जावे आणि त्याचे सारे गतायुष्य एकदम समोर यावे, तसा हा अनुभव आहे. चार ग्रंथ वाट पाहायला लावल्यावाचून तो साधला नसता.

दुसरे साधन अंतराचे. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा या लेखकांनी संदेशांपुरती मनापासून पाळली आहे. पृथ्वीवरून शनीपर्यंत शब्द पोहोचायला तासाहून अधिक वेळ लागतो; संभाषण अशक्य, पत्रव्यवहार तेवढा शक्य. पृथ्वीच्या शासनातील मुरब्बी अधिकारी क्रिसजेन अवसरला दूरच्या प्रवासात असताना तिचा पती अर्जुन, जो काव्याचा अध्यापक आहे, तिला संदेश धाडतो. ही बाई सभेत शिवराळ आणि निष्ठुर. पण त्याच्या संदेशासमोर ती निराळीच असते. पुढे पृथ्वीवर अशनींचा मारा होतो, अर्जुनचा थांग लागत नाही, आणि राज्याचा गाडा ओढीत ती त्याच्या वार्तेची वाट पाहते. घरापासून शेकडो कोस दूर नेमणुकीवर असलेल्या वाचकाला हे प्रकरण परके वाटेल, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु या मालेचे मर्म पहिल्याच ग्रंथात, 'लेव्हायथन वेक्स'मध्ये, मिलर या पात्रात आहे. सेरीस या लघुग्रहावरचा हा थकलेला गुप्तहेर. एका धनिकाची परागंदा मुलगी ज्युली माओ हिला शोधून परत पाठविण्याचे काम त्याच्याकडे येते. तो तिची फाईल वाचतो, तिची रिकामी खोली पाहतो, तिची पत्रे चाळतो आणि हळूहळू तिच्यात गुंततो. नोकरी सुटते, तरी शोध सुटत नाही. अखेर ती सापडते तेव्हा मृत असते. ज्या मुलीशी तो एक शब्दही बोलला नाही, ती यापुढे त्याच्या मनात बोलू लागते.

मिलर म्हणजे दुसरा कोण? तो वाचकच आहे. कागदावरून माणूस उभा करणे आणि त्याच्यावर जीव लावणे, हेच आपणही करीत असतो. लेखक त्याची थट्टा करीत नाहीत, तसे त्याला डोक्यावरही घेत नाहीत. जवळची माणसे दुरावल्यामुळे तो कागदाकडे वळला, हे ते स्पष्ट दाखवितात. मात्र शेवटी, परक्या सृष्टीच्या प्रभावाखाली इरॉस हा लघुग्रह पृथ्वीवर कोसळू पाहतो, तेव्हा त्याच्या गाभ्यात ज्युलीची जाणीव शिल्लक आहे हे ओळखतो तो मिलरच. इतरांना तेथे शत्रू दिसतो. त्याला भ्यालेली मुलगी दिसते. तो तिच्याशी बोलतो, तिला शुक्राकडे वळवितो, स्वतः तिच्यासमवेत जातो. पृथ्वी वाचते ती एका माणसाने फाईल मन लावून वाचली म्हणून.

साहित्यानंदाला न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' म्हटले. आपले स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या ठिकाणी शिरणे, हा त्याचा आशय. ही कसोटी लावली तर हा जिव्हाळा पोरकटपणा ठरत नाही. जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहाने मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली. परंतु तेथे नायकत्व कल्पनेकडे आहे, माणसे तिची वाहक आहेत. कथेच्या आटोपशीर घाटाला ते शोभते. दीर्घ मालेचा धर्म निराळा. तेथे कल्पना जुनी होते, माणसेच उरतात.

दोषही सांगितले पाहिजेत. या लेखकांचे खलपुरुष बहुधा एकसुरी आहेत. चौथ्या ग्रंथातील मुर्त्री क्रूर आहे, एवढेच त्याच्याविषयी लक्षात राहते. एकेका ग्रंथापुरती आलेली कित्येक पात्रे ओळख होते न होते तोच दृष्टीआड होतात. होल्डनचा सरळपणाही कधीकधी लेखकांच्या सोयीचा वाटतो.

तथापि एका मोहाला ते बळी पडले नाहीत. वाचकाची माया जडली म्हणून त्यांनी कोणास अमर केले नाही. सातव्या ग्रंथापूर्वी सुमारे तीस वर्षे लोटतात. केस पिकलेले होल्डन आणि नेओमी निवृत्तीची भाषा बोलू लागतात. आठव्याच्या आरंभीच अवसरलेची अंत्ययात्रा आहे. जी पात्रे म्हातारी होतात आणि मरतात, त्यांच्यावरील माया ही लाडीगोडी नसते. तिला सहवासाची किंमत मोजावी लागते.

बदलीच्या नोकरीत आपल्याला सहवास तीन-चार वर्षांचा लाभतो आणि माणसे पुष्कळदा कागदावरच भेटतात: निवृत्तिवेतनाचा अर्ज, विधवेची विनंती, कुणाची आजारपणाची रजा. अशा कागदामागे माणूस पाहण्याची सवय कमी होत जाते. ती सवय एखादी साहसकथा पुन्हा लावू शकत असेल, तर ती गाडीतून उतरताना मिटून ठेवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.