‘फ्लाय अवे होम’ : परतीची वाट

कॅरल बॅलर्ड यांनीं दिग्दर्शित केलेला ‘फ्लाय अवे होम’ हा बोलपट १९९६ सालीं निघाला. मुलांबरोबर बसून निःसंकोचपणें पाहावे असे परदेशी बोलपट फार नाहींत. जे आहेत त्यांत याची गणना करावयास आमची हरकत नाहीं. तथापि ज्या विषयामुळें तो लोकप्रिय झाला, त्या विषयालाच त्यांत पुरता न्याय मिळाला आहे कीं काय, हें पाहणें अगत्याचें आहे.

कथा थोडक्यांत अशी. आई अपघातांत गेलेली तेरा वर्षांची ॲमी न्यूझीलंडहून कॅनडांत, जवळजवळ परक्याच झालेल्या वडिलांकडे येते. यंत्रांनीं भुईसपाट केलेल्या झाडींत तिला रानहंसांचीं टाकलेलीं सोळा अंडीं सांपडतात. अंड्यांतून बाहेर पडलेलीं पिलें तिलाच आई समजतात. पुढें हिंवाळा जवळ येतो, आणि दक्षिणेची वाट दाखविणारें कोणी नाहीं. तेव्हां वडील हलकीं विमानें तयार करतात, मुलगी विमान चालवावयास शिकते, आणि तिच्या मागोमाग थवा उत्तर कॅरोलिनापर्यंत जातो.

कॅलेब डेशनेल यांचें छायालेखन अप्रतिम आहे. धुक्यांतून एकाएकीं बाल्टिमोरच्या उंच इमारती पुढें उभ्या राहतात आणि त्यांच्या मधून विमान व हंस संथपणें निघून जातात, तो प्रसंग विसरूं म्हटलें तरी विसरत नाहीं. ॲना पॅक्विन या बालनटीनें अश्रूंचा बाजार मांडलेला नाहीं, हेंही तिच्या पदरीं घातलें पाहिजे. आमची तक्रार निराळी आहे. या कथेंत पिलांचें पोरकेपण हें ॲमीच्या पोरकेपणावरचें औषध होऊन बसलें आहे. दक्षिणेकडील पाणथळीवर उतरतांच तिचें मन ताळ्यावर येतें, आणि कथाही तेथेंच संपते. पक्ष्यांची कथा मात्र तेथें निम्मीच झालेली असते.

आम्ही ज्या मिरकरवाड्यांत बसून हें लिहीत आहों, तेथें थंडी पडूं लागली कीं मासळीच्या होड्यांमागें कुरव पक्ष्यांचे थवे घिरट्या घालूं लागतात. त्यांतील तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांकांठीं जन्मलेले. पाहुणे येतात, जातात. आपण त्यांस गृहीत धरून चालतों. पण वाट कोणाला उपजत ठाऊक असते आणि कोणाला शिकावी लागते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आपल्या परिचयाचा चातक घ्या. त्याचें पिलूं सातभाईंच्या घरट्यांत वाढतें. सातभाई जन्मभर गांवची वेस सोडीत नाहींत, तरी चातक समुद्रापलीकडे आफ्रिकेंत जातो. उलट हंस व क्रौंच यांच्या कुळांत वाट वडिलांकडून मुलांकडे येते. आमच्या बंदरांतला पोर जसा तांडेलाबरोबर जाऊन, भगवती किल्ल्यावरचें दीपगृह आणि किनाऱ्यावरच्या इतर खुणा जुळवीत दर्या ओळखूं लागतो, तसेंच तें आहे. तो पोर स्वतः होडी घेऊन बंदरांत परत येईपर्यंत त्याला दर्या आला असें येथें कोणी म्हणत नाहीं.

अशी परंपरा तुटली म्हणजे काय होतें, हें पाहावयास परदेशीं जावयास नको. भरतपूरच्या पाणथळीवर १९६४-६५ च्या हिंवाळ्यांत सुमारें दोनशें सैबेरियन क्रौंच उतरले होते. वाटेवरच्या शिकारीनें आणि आटत्या पाणथळींनीं ते घटत गेले. २००२ नंतर तेथें एकही आला नाहीं. सरोवर आहे, पाणी आहे, परंतु तेथवर आणणारा वडील पक्षी उरला नाहीं.

बोलपटाचें मूळ बिल लिशमन या कॅनेडियन शिल्पकाराच्या उद्योगांत आहे. त्यानें व जोसेफ डफ यानें १९९३ सालीं रानहंसांचा थवा ऑन्टारिओहून व्हर्जिनियापर्यंत नेला. रानहंस कांहीं दुर्मिळ नव्हेत. ती तालीम होती. खरी गरज होती ती व्हूपिंग क्रेन नांवाच्या शुभ्र क्रौंचाची. १९४१ सालीं त्याचीं जेमतेम वीस-बावीस डोकीं उरलीं होतीं. २००१ पासून त्याचीं पिलें विमानामागें विस्कॉन्सिनहून फ्लोरिडास नेण्यांत आलीं. येथें ॲमीच्या उलट प्रकार होता. सांभाळणारे पांढऱ्या झग्यांत तोंड झांकून वावरत, पिलांसमोर अवाक्षर काढीत नसत, आणि क्रौंचाच्या मस्तकाची बाहुली हातांत घालून दाणा भरवीत. पिलांनीं माणसाला आई मानूं नये यासाठीं हा आटापिटा. पुढील वसंतांत तीं आपली आपण परतलीं. मात्र मोठीं होऊन घरटीं केल्यावर त्यांना स्वतःचीं पिलें नीटशीं वाढवितां येईनात. म्हणून २०१६ च्या आरंभीं सरकारनें हा उपक्रम थांबविला. वाट शिकवितां आली, आईपण शिकवितां आलें नाहीं. इतका करुण विषय हातीं असतां कोणा कथालेखकानें त्याला अद्याप हात घालूं नये याचें आम्हांस नवल वाटतें.

युरोपांत, मध्य युरोपांतून सतराव्या शतकांत नाहींशा झालेल्या टकल्या आयबिस पक्ष्यांना योहानेस फ्रित्स यांनीं २००४ पासून आल्प्स ओलांडून इटलीस नेलें. तेथील सांभाळणाऱ्या बाया झगा घालीत नाहींत, पिलांना हांका मारतात, कुरवाळतात. २०११ सालीं गोया नांवाची मादी कोणाच्याही सोबतीवांचून इटलीहून बव्हेरियांत परतली. पुढच्याच वर्षीं ती इटलींत शिकाऱ्याच्या गोळीस बळी पडली.

परतीचा हा प्रवासच बॅलर्ड यांनीं गाळला. ॲमीचे सोळाही हंस वसंतांत आपले आपण घरीं आले, ही बातमी शेवटीं पडद्यावर अक्षरांत येते, आणि पाहणारा तोंवर उठून कंदील शोधीत असतो. आकाशांत विमान नाहीं, पुढें कोणी नाहीं, आणि थवा येत आहे, असें एक दृश्य दाखविण्यास फार खर्च आला असता असें आम्हांस वाटत नाहीं. दिग्दर्शकास विमानाचा मोह सुटला नाहीं इतकेंच.

बोलपट मुलांना अवश्य दाखवावा. ज्यांना इंग्रजी अक्षरें वाचतां येत नसतील, त्यांना वडील माणसांनीं तें शेवटचें वाक्य मराठींत सांगावें, आणि त्यापूर्वीं कोणास उठूं देऊं नये.