‘तुफान आलंया’ : श्रमदानाचा कार्यक्रम आणि आपला खारपाणपट्टा

आज बोलायचंय ‘तुफान आलंया’बद्दल. पानी फाउंडेशनचा ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ 2016 मध्ये सुरू झाला तेव्हा तीनच तालुके होते : आपल्या अमरावतीचं वरुड, बीडचं अंबाजोगाई, साताऱ्याचं कोरेगाव. 2017 मध्ये तालुके झाले 30, आणि हा कार्यक्रम टीव्हीवर आला. 45 दिवस गावानं टिकाव-फावडं घेऊन राबायचं, आणि आपण ते घरी बसून पाहायचं.

कोरियात 2014 साली ‘थ्री मील्स अ डे’ नावाचा कार्यक्रम आला. नट खेड्यात राहतात, भाजी खुडतात, चूल पेटवतात, रांधून खातात. पाहायला गोड वाटतं. पण तिथं खेडं म्हणजे पाहुण्याच्या विसाव्याची जागा. ‘तुफान आलंया’त नट येतो, घमेलं उचलतो, निघून जातो; काम मात्र गावाचंच राहतं. हे मी त्याचं मोठेपण मानतो. सासुरवाशिणी, म्हातारे, राजकारणात फुटलेले दोन गट एका बांधावर दिसतात. 2017 चा पहिला नंबर वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याला मिळाला. एवढंसं गाव, पण साऱ्या महाराष्ट्रानं त्याचं नाव घेतलं. आपल्याकडे गाडगेबाबांनी आधी झाडू, मग कीर्तन असा क्रम घालून दिला होता. हा कार्यक्रम त्याच वाटेवरचा आहे.

आता खटकणारं सांगतो.

पहिलं. जवळपास प्रत्येक गोष्ट एकाच साच्यात बसते. आधी कोणी येत नाही, एकटादुकटा खणत राहतो, मग सारं गाव उतरतं, डोळे भरून येतात. पण चर खणला की पाणी कुठं जातं? विहिरीत. विहीर कोणाची? ज्याचं वावर, त्याची. भूमिहीन मजुराच्या घामाचा वाटा त्याला कसा मिळणार, या प्रश्नाशी गोष्ट थांबत नाही. एकी दाखवायची तर वाटणीही दाखवावी लागेल ना!

दुसरं, आणि ते आपल्या अकोटचं. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा. समतल चराला उतार लागतो. तो पायथ्याला आहे. खाली सपाट काळी जमीन, पाणी लवकर मुरत नाही, अन् खोल बोअर मारलं तर खारं लागतं. तिथं जमिनीवरच पाणी धरणारं शेततळं जास्त कामाचं. किती घनमीटर खणलं, यावर गावाची जिद्द मोजायला लागलो, तर खारपाणातलं गाव आळशी दिसेल. दोष मातीचा, ठपका माणसांवर!

म्हणून हा कार्यक्रम वाईट, असं मी म्हणत नाही. गाव एकत्र येऊ शकतं हे त्यानं दाखवलं, आणि ज्यांनी खणलं त्यांचे चेहरे दाखवले. माझी अपेक्षा एवढीच, की कॅमेरा बक्षिसाच्या दिवसानंतर चार उन्हाळ्यांनी पुन्हा त्या गावात जावा. पाणी टिकलं का? त्यावर कोणतं पीक घेतलं? भूमिहीनाच्या बाईची पाण्यासाठीची पायपीट कमी झाली का? त्या भागात रडू कमी येईल कदाचित, पण आपल्याला शिकायला जास्त मिळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. खारपाणातल्या गावांतून आलेल्यांनी आधी विचारा.